चमत्काराचा हिशेब: एका कादंबरीच्या हस्तलिखिताचा प्रकरण अभ्यास

चवथीच्या आदल्या दिवशी आमच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधायचे काम चालू होते. मी स्टुलावर उभा आणि खालून नात एकेक जिन्नस वर देत होती: सुपारीचा घोस, आंबाडे, कवंडळ. तेवढ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी आली, एक जाडजूड स्पायरल वही सोप्यावर ठेवली आणि म्हणाली, "सर, घाई नाही. पण वाचा." ती गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. वहीत कादंबरी होती.

पुढे दीड-दोन वर्षे आम्ही दोघांनी त्या कादंबरीवर जे काम केले, त्याची ही हकीकत. तिचे नाव घालत नाही, कारण तिची तशी इच्छा आहे. कादंबरीचे नाव अजून ठरायचे आहे. हे सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले, कारण चमत्काराची गोष्ट लिहायला घेतलेली बरीच मंडळी एकाच जागी अडकलेली मी पाहिली आहेत.

गोष्ट अशी. डिचोलीकडच्या एका गावाच्या टोकाला, जिथे शेते संपून कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, सुरू होते तिथे, एक जुने घर आहे. घरात आजी, तिचे दोन मुलगे, सावंतवाडीहून आलेली थोरली सून आणि बारा वर्षांची नात. पिढ्यान्‌पिढ्या या घराकडे लोक गाऱ्हाणे घेऊन येतात. सोमवारी जास्त. पेडण्याहून येतात, फोंड्याहून येतात, घाट उतरून बेळगावकडचेही येतात. आजी गाऱ्हाणे ऐकते, आणि येणाऱ्याच्या बाबतीत काहीतरी घडते. जे घडते ते विचित्र असते.

कल्पना वाचूनच मी खूश झालो होतो. पण चाळीस-पन्नास पानांनंतर वही बाजूला ठेवली, आणि पुन्हा हातात घ्यायला मला आठवडा लागला. पहिल्या खर्ड्यातला हा उतारा तिच्या परवानगीने देतो:

"आजीने डोळे मिटले. साऱ्या घरात एक दिव्य प्रकाश पसरला. मोगऱ्याचा दरवळ सुटला. ट्रकमालकाच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. दुसऱ्याच दिवशी बँकेचे पत्र आले, त्याचे कर्ज फिटले होते."

मराठी शुद्ध, वाक्येही बरी. पण यातली एकही ओळ त्या घरातली नव्हती. दिव्य प्रकाश कुठल्याही घरात पसरतो. आणि कर्ज फिटल्याचे पत्र आले की वाचणारा पहिला प्रश्न विचारतो: मग सगळा तालुका या घरापुढे रांग लावून का उभा नाही? ज्या घरात बँकेची कर्जे फिटतात, त्या घराची कौले गळकी का? तिच्या वहीत कौले गळत होती, चांगली तीन पाने गळत होती. गरिबीही खरी होती आणि चमत्कारही खरा होता, पण दोघांची एकमेकांशी ओळखच नव्हती.

'जादुई वास्तववाद' हा शब्द तिने कॉलेजात ऐकला होता. तो मुळात साहित्यातला नव्हे. जर्मन कलासमीक्षक फ्रान्झ रोह यांनी १९२५ मध्ये तो चित्रांसाठी वापरला: साधी वस्तू इतकी नेटकी, इतकी स्पष्ट रंगवायची की तीच गूढ वाटू लागावी. पुढे लॅटिन अमेरिकेतल्या लेखकांच्या हाती तो कथेत रुजला. मी तिला एवढेच सांगितले की यात महत्त्व 'वास्तव' या अर्ध्या भागाला आहे. जादू एका वाक्यात होते. ते वाक्य पेलणारी जमीन तयार करायला शंभर वाक्ये लागतात.

आणि ती जमीन तिच्या अंगणातच होती. साळ गावात शिमग्याला गडे पडतात. तीन रात्री चालतो तो उत्सव, तिच्या शाळेपासून फार दूर नाही. अंगात भार आलेले गडे, म्हणजे गावातले पुरुष, अंधारात रानाकडे धावतात, राखणदार देवचाराने काही जणांना लपवून ठेवले असे गाव सांगते, आणि मग त्यांना परत आणतात. हे सांगताना कुणी आवाज चढवत नाही. किती वाजता धावले, कुठल्या बाजूने गेले, कुणाचा मुलगा होता, असेच बोलणे चालते. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे चर्चमधली मेरीमाता, या बहिणी, हे बार्देश-डिचोलीत कुणाला पटवून द्यावे लागत नाही. एक देवळात, एक इगर्जीत, म्हणून बहिणींचे नाते तुटत नाही. सीमेपलीकडे आरवलीला वेतोबाला लोक कातड्याच्या मोठ्या चपला वाहतात. देव रात्री फिरतो असे नुसते सांगून तिथे भागत नाही, चपलेचा तळवा झिजलेला दाखवतात.

हा झिजलेला तळवा मी तिच्या वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून दिला. तुझ्या चमत्काराचा झिजलेला तळवा कुठे आहे, हा माझा तिला पहिला प्रश्न होता.

ती वैतागली. "सर, मला हे सगळे माहीत आहे. मी इथलीच आहे."

"माहीत आहे म्हणूनच तू ते बघत नाहीस," मी म्हणालो. "एकदा कौल लावतात तिथे जाऊन बस. काही मागू नकोस. नुसती बस."

गेली. एका देवळात सकाळी दोन तास खांबाला टेकून बसली. परत आली ती चार पाने टिपणे घेऊन, आणि माझ्या मते कादंबरी त्या चार पानांतून सुरू झाली. एक बाई मुलीच्या स्थळाबद्दल विचारायला आली होती. भटजींनी मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणे घातले आणि सगळे थांबले. नुसते थांबले. कुणीतरी खोकले. बाहेर रिक्षा सुरू झाली. बाईची नजर पाकळीवरून हलेना. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बऱ्याच वेळाने डावी पडली. बाई रडली नाही. भटजींकडे वळून म्हणाली, "प्रश्न बदलून विचारूं या?" आणि दोघांनी मिळून प्रश्नाची फोड केली: स्थळ नको की ही वेळ नको? घर नको की गाव नको?

टिपणांत खाली तिने दोनदा अधोरेखित केले होते: देव काही देत नाही. देव उत्तर देतो. बाकीचे बाईलाच करायचे आहे.

मला जे समजावून सांगायला महिने लागले असते, ते तिने स्वतः आणले. पहिल्या खर्ड्यातले कुटुंब दानशूर होते, मागेल त्याला देत सुटले होते. दुसऱ्या खर्ड्यात ते उत्तर देणारे कुटुंब झाले. माणूस एक गाऱ्हाणे घेऊन येतो, आणि त्याने जे सांगितलेच नाही त्याला घर उत्तर देते. ते उत्तर त्याच्या अंगाला, हाताला, भांड्याकुंड्यांना चिकटून त्याच्याबरोबर घरी जाते. ज्याच्याशी ते गाऱ्हाणे खरोखर निगडित आहे, त्या माणसाच्या नजरेला पडेपर्यंत ते सुटत नाही. हा नियम तिचा. मी फक्त म्हणालो होतो की नियम हवा, आणि तो घरातल्या माणसांनाही मोडता येता कामा नये.

ट्रकमालकाचे प्रकरण तिने या नियमाने पुन्हा लिहिले. इथे मला माझी चूक सांगायला हवी. ते प्रकरण काढून टाक, असे मी तिला सुचवले होते. असे ट्रक ज्यांचे लोहखनिज वाहत, त्या खाणींवर वर्तमानपत्रांतून इतके येऊन गेले होते की कादंबरीत ते शिळे वाटेल, अशी मला भीती होती. ती ऐकायला तयार नव्हती. तिच्या वर्गातल्या मुलांच्या घरांसमोर ट्रक गंजत उभे असलेले तिने पाहिले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१४ मध्ये ती सशर्त उठली, थोडे दिवस चाके फिरली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले. मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळे ठप्प. कर्ज काढून घेतलेला ट्रक दारात आणि हप्ता डोक्यावर. दुसऱ्या बाजूला तीच खाण चालू असताना पावसात वाहून आलेला तांबडा गाळ ज्यांच्या शेतात बसला, ती माणसेही त्याच वाड्यावरची, पुष्कळदा त्याच घरातली. हे तिला माहीत होते, मला नव्हते. मी पणजीत बसून बोलत होतो.

नव्या खर्ड्यातला उतारा:

"ट्रकवाल्याने चपला दाराबाहेर काढल्या. आजीने विचारले, 'कितें जालां रे पुता?' त्याने हप्त्याचे सांगितले. आजी म्हणाली, 'आनीक?' तो म्हणाला, 'आनीक कांय ना.' 'बरें. वच तर.' दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाढीसाठी तांब्यात पाणी घेतले, तर पाणी तांबडे. ओतून दुसरे घेतले, तेही तांबडे. तांब्याच्या तळाशी बोटभर माती. बायकोने तोच तांब्या उचलून मोरीत ओतला. तिच्या हातून पाणी स्वच्छ पडले."

इथे कुणी आश्चर्याने ओरडत नाही. बायको म्हणते, आता चहा मी करते, तू पाण्याला हात लावू नकोस. आठ दिवस तो तांबडे पाणी बघत राहतो. दाढी वाढते. नवव्या दिवशी तो तांब्या भरून घेतो आणि चालत थोरल्या भावाकडे जातो. भावाची सुपारीची बाग गाळाने गेलेली असते, आणि दोघांत सहा पावसाळे बोलणे नसते. भाऊ तांब्यात बघतो. काही बोलत नाही. तांब्या हातातून घेतो आणि उरलेल्या एका पोफळीच्या मुळाशी ओततो. पाणी स्वच्छ पडते. कर्ज तसेच राहते. तिने ते फेडले नाही, आणि हे मला सगळ्यात आवडले.

दुसरे एक प्रकरण सहीचे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला दिवाणी कायदा आजही लागू आहे. त्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच, म्हणून घर विकताना बहिणीची सही लागते. कादंबरीतल्या बहिणीने भावांच्या आग्रहाखातर सही केलेली असते, पैसे न घेता, माहेर तुटू नये म्हणून. घर विकले जाते आणि माहेरही तुटते. आजीकडून परत आल्यावर तिचा हात जिथे टेकेल तिथे तिची सही उमटते: भाकरीच्या पिठावर, वाफ धरलेल्या आरशावर, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर. पिठातली सही थापटून मोडायला तिला धीर होत नाही, म्हणून तव्यावर सहीचीच भाकरी पडते. तारवटीचे प्रकरण मात्र अजून कच्चे आहे. बोटीवरून परतलेल्या त्या माणसाच्या जवळ नेले की पेल्यातले पाणी कलते. चित्र सुंदर, पण हे कुणाच्या नजरेला पडायला हवे ते तिला सापडलेले नाही.

आता ज्या गोष्टीवर आमचे सगळ्यात जास्त बोलणे झाले ती. पहिल्या खर्ड्यात एक आजारी मूल होते. आई त्याला घेऊन या घरी येते आणि ते बरे होते. लिहिले चांगले होते, माझ्या पत्नीने ते पान वाचून डोळे पुसले. मी ते काढायला सांगितले, आणि या बाबतीत मी हटलो नाही. ज्या वाचकाच्या घरात आजारी माणूस आहे, त्याच्यापुढे असे पान ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. अंगारे-धुपाऱ्यांत वेळ घालवून माणूस हातचा गेलेली घरे मी पाहिली आहेत. दोन दिवस तिने फोन केला नाही. मग आली आणि नवीन पान वाचून दाखवले. त्यात आई मुलाला घेऊन दारात येते, आजी मुलाच्या कपाळाला हात लावते आणि धाकट्या मुलाला सांगते, गाडी काढ. बांबोळीला, इस्पितळात ने. गाऱ्हाणे ऐकायला नकार देण्याचा कादंबरीतला तो एकच प्रसंग. त्या एका पानाने आजी जिवंत झाली. चमत्कार करणारे माणूस कुठे थांबते ते कळले की मग त्याचा भरवसा वाटतो.

तरीही एका मासिकाने ट्रकवाल्याचे प्रकरण "अंधश्रद्धेला खतपाणी" म्हणून परत पाठवले. ती फार खचली. ज्या प्रकरणात घर एक पैसा घेत नाही, कर्ज फेडत नाही, रोग बरा करत नाही, आणि भावाला भावाच्या दारात नेऊन उभे करते, ते अंधश्रद्धेचे कसे, हे मला आजही कळलेले नाही. माझ्या मते फसवणूक वचनात असते. या घराने कुणाला वचन दिलेले नाही.

एक उणीव बराच काळ राहिली होती: हे सगळे घराला फुकट पडत होते. आजी देते आणि संध्याकाळी पेज पिऊन झोपते. मी विचारले, घराच्या खात्यातून काय जाते? तिने बरेच पर्याय आणले. आजीचे केस पिकतात, विहीर आटते, कुणीतरी मरते. सगळे कुठेतरी वाचल्यासारखे. मग एके दिवशी तिने सुनेच्या तोंडून एक प्रसंग लिहिला. सुनेने सुंगटाचे, म्हणजे कोळंबीचे, हुमण केले आहे. आजी जेवायला बसते, एक घास खाते आणि मिठाची वाटी ओढते. एक चिमूट. पुन्हा एक चिमूट. तिसऱ्यांदा हात वाटीकडे जातो तेव्हा सून वाटी हळूच बाजूला घेते आणि म्हणते, "मांय, मीठ बरोबर आहे." आजी तिच्याकडे बघते. दोघी गप्प. सुनेला आठवते की ट्रकवाला गेला त्या आठवड्यात आजीने भिंडां, म्हणजे आमसुले, जास्त घालायला सांगितली होती, आंबट लागत नाही म्हणून.

प्रत्येक चमत्कारामागे घराची एकेक चव जाते. आधी आंबट, मग खारट, आणि फक्त आजीची नव्हे, घरातल्या सगळ्यांचीच. बाहेरून आलेल्या सुनेची मात्र जात नाही. म्हणून हिशेब तिला कळतो, रांधणारीला. बाकीच्यांना वाटते, हल्ली मीठच बरे मिळत नाही. नात शाळेच्या डब्यातली कैरी मैत्रिणीला देऊन टाकते. तिला कारण सांगता येत नाही, एवढेच म्हणते, कैरीत काही नाही.

हे वाचल्यावर मी वही मिटली आणि तिला फोन केला. झिजलेला तळवा सापडला होता, आणि तो स्वयंपाकघरात होता. आजी ओसरीवर गाऱ्हाणी ऐकत होती, दारातली शेजारमंडळी प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणत होती, आणि आत चुलीपाशी एक बाई मोजत होती की आता किती चवी उरल्या. कादंबरी कुणाच्या डोळ्यांनी सांगायची हा प्रश्नच मिटला. तिने संपूर्ण निवेदन सुनेकडे दिले. त्यासाठी शंभराहून जास्त पाने पुन्हा लिहिली, शाळा सांभाळून, रात्री.

भाषेचा एक मुद्दा राहतो. संवाद कोकणी आणि निवेदन मराठी ठेवायचे तिने पहिल्यापासून ठरवले होते. पुण्याच्या एका ओळखीच्या वाचकाने अर्थ तळटीपांत द्या असे सुचवले. आम्ही तळटीपा दिल्या नाहीत. गोव्यातल्या कितीतरी घरांत माणूस कोकणीत भांडतो आणि मराठीत पत्र लिहितो, आरती मराठीत म्हणतो. 'कितें जालां' कळायला तळटीप लागत नाही, दारात उभ्या माणसाला कुणी काय विचारते ते कुणालाही कळते. सून सावंतवाडीची असल्याने तिची बोली जराशी वेगळी पडते. ती घरात असूनही बाहेरची आहे, हे तिच्या दोन वाक्यांतच ऐकू येते.

सध्या तिसरा खर्डा चालू आहे. शेवटचे प्रकरण लिहून झाले होते, ते तिने मागच्या महिन्यात काढून टाकले. त्यात घर गाऱ्हाणी घेणे बंद करते, सगळ्या चवी परत येतात आणि मंडळी पंगतीला बसतात. मला ते फार सोपे वाटले होते, पण मी बोललो नव्हतो. तिलाच ते पटले नाही. आता घरात एकच चव उरली आहे, गोड. समोर चवथ आहे, नेवऱ्या करायच्या आहेत. सून सारण ढवळते आहे, आजी ओसरीवर झोपली आहे, आणि दारात चपला काढल्याचा आवाज येतो. आलेला माणूस सुनेचा सख्खा भाऊ आहे.

परवा तिचा फोन आला. शाळा सुटल्याची घंटा मागे ऐकू येत होती. म्हणाली, "सर, सुनेने हात पुसून दार उघडले. आजीला उठवायचे की नाही, तिथे थांबले आहे."

मी म्हणालो, थांब. घाई नाही.